डावखुऱ्या पोराचा सिनेमा

सिनेमा कसा बघावा याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. निपाणीत असं प्रमाणपत्र असलेला मी एकटाच असावा असा माझा अंदाज आहे, आणि तो आजवर कुणी खोडून काढलेला नाही, कारण तसं मला कुणी विचारलेलंच नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्याला लावायची तेलं शोधतात. मी चित्रपट रसास्वादाचा ऑनलाइन वर्ग लावला. प्रमाणपत्र आल्यावर ते फ्रेम करून हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी टांगलं. खिळा मी स्वतः ठोकला. त्यात भिंतीचा बराच पोपडा निघाला. माझी पत्नी सुविधा हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे ती कमी शब्दांत बोलते. ती म्हणाली, "एवढा मोठा खिळा मारलाय, तर काहीतरी वजनदार तरी लावायचं."

हा अपमान मी गिळला. असे बरेच पुढे गिळायचे होते, पण ते तेव्हा माहीत नव्हतं.

वर्गात आम्हाला शेवटी एक जुना काळा-पांढरा सिनेमा अभ्यासाला होता. स्टेशनच्या आडोशाला राहणारी दोन पोरकी भावंडं. भाऊ चहाच्या दुकानात कप विसळतो. संध्याकाळी रुळांवर सांडलेला कोळसा उचलतो आणि मालधक्क्याच्या भिंतीवर घर काढतो. दार, खिडकी, आत चूल. शेवटी धाकटी बहीण त्या काढलेल्या दाराला टेकून झोपी जाते. बस्स, एवढंच. गाणं नाही, मारामारी नाही, नटसुद्धा नाहीत. रस्त्यावरचीच पोरं उचलून कॅमेऱ्यापुढे उभी केलेली. अशा सिनेमाला नववास्तववादी म्हणतात, हे मी एका रात्री जेवताना सुविधाला समजावून सांगत होतो. तिने विचारलं, भात घालू का.

पण ताटावर बसलेल्या आईचा हात थांबला.

"भिंतीवर कोळशानं घर काढतोय, त्यो?" आई म्हणाली. "डावरा पोरगा?"

माझी आई तानीबाई. तिचं अख्खं बालपण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं, शाळेचं तोंड तिने पाहिलं ते मला पोहोचवायला आली तेव्हा. टीव्हीवर ती बातम्यांचा आवाज बंद करून नुसती माणसं बघते. तिला आणि नववास्तववाद? मी विचारलं, "तू कुठं बघितलास हा सिनेमा?"

"बोरगावला. तंबू आलता. आप्पा घिऊन गेलता मला खांद्यावर बशीवून."

आप्पा म्हणजे तिचा थोरला भाऊ, भीमाप्पा. तोही वखारीत. डावखुरा. डाव्या हाताने तंबाखू निवडतो म्हणून दिवाणजी त्याच्या बोटांवर पट्टी मारायचा. "तंबूत त्या पोरानं डाव्या हातात कोळसा धरला आन आप्पा उठून उभारलाच," आई सांगत होती. "म्हनला, तानी, बग गं, माज्यासारकाच हाय. मागची मान्सं वरडाय लागली, खाली बस म्हनून. त्यो काय बसंना."

पुढच्या उन्हाळ्यात भीमाप्पा तापाने गेला. मिसरूडही फुटलेलं नव्हतं. त्याचा फोटो नाही. त्या काळी आमच्या घरात कुणाचाच नाही.

"आता त्याचं तोंड नीट आठवंना झालंय रं मला," आई म्हणाली. "डोळं आठवत्यात तर नाक जातंय. त्या पोराला बगितलं की आठवंल बग."

एवढी वर्षं मी तिला औषधं आणून देतो, तीर्थयात्रेसारखं दीक्षाभूमीला नेऊन आणतो, आणि तिला हवं काय होतं, तर एका मुलाचं तोंड. आणि ते माझ्या लॅपटॉपमध्ये होतं!

दुसऱ्याच दिवशी मी हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप जोडला. आईने धुतलेलं लुगडं नेसलं, चष्मा पदराने पुसला आणि पाहुण्यांकडे गेल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. ते चालू असताना सुविधा दळण आणायला गेली. सिनेमा सुरू झाला. आई पुढे झुकली. कपांचा प्रसंग झाला, रुळांचा झाला. भिंतीपाशी येऊन पोराने कोळसा उचलला, आणि आई मागे टेकली.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

"आई, हाच तो."

"ह्यो उजवा हाय. भांग बी ह्या अंगाला न्हवता. तोंडवळा बी येगळा वाटतोय. बंद कर."

मी तिला समजावलं. माणसाची आठवण ही कशी फसवी असते, आपण जे बघतो त्यात आपलंच काही कसं मिसळतो, हे वर्गात आम्हाला फार छान शिकवलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ माजा हुता," ती म्हणाली. "त्यो कंचा हात वापरीत हुता त्ये तू मला सांगू नगंस."

त्या दिवसानंतर तिने सिनेमाचं नाव काढलं नाही. पण जेवण निम्म्यावर आलं. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटायला लागलं की आपण तिला भाऊ दाखवायला गेलो आणि होता तोही हिरावून घेतला. मला हे फार लागलं. मी ठरवलं, डावखुऱ्या पोराचा सिनेमा शोधायचाच.

इथून पुढे जे झालं त्याला कॉलनी जबाबदार आहे.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष नागोजी अण्णा. संकेश्वरकडच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, पण अजून प्रत्येक गोष्टीत, उसात बघावा तसा, उतारा किती पडेल ते आधी बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भीमरत्न, ह्याची कन्नड आवृत्ती असणार. तिकडं पोरगा दुसरा घेतला असंल." समोरच्या मंगल आक्कांचं मत, की शूटिंग चालू असताना पोराचा उजवा हात मोडला असणार, आणि थोडी रिळं तशीच डाव्या हाताने काढली असणार. "माझ्या भाच्याचं दहावीला असंच झालतं," असा त्यांनी पुरावा दिला. मी वर्गाच्या मॅडमना लिहिलं. त्यांनी सविस्तर उत्तर पाठवलं. ते वाचून सिनेमात पोरगा होता की नाही याचीच मला शंका यायला लागली.

शेवटी नागोजी अण्णांनीच निकाल दिला. "तुझा टीव्ही बारका हाय. म्हातारीनं बघितलता त्यो तंबूत, मोठ्या पडद्यावर. तसाच दाव. वळख पटंल. कॉलनीच्या मोकळ्या जागेत लावू, सगळीच बघतील. आन तू ते तुझं रसग्रहण का काय ते कर."

खरं सांगतो, शेवटचं वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं तर मी कदाचित नाही म्हणालो असतो.

उघड्यावर सिनेमा लावायचा तर परवानगी लागते. त्यासाठी मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "याव पिक्चर री?"

कोणता सिनेमा, एवढाच प्रश्न होता. पण मी रसास्वादवाला. मी म्हणालो, "जुना आहे. गरिबीवर आहे."

आता त्यांनी वर बघितलं. "गरिबीवर? कुठल्या पार्टीचा कार्यक्रम?"

"कुठल्याच नाही."

"पार्टी नसताना गरिबी कशाला दाखवताय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. याचं उत्तर माझ्या प्रमाणपत्रात नव्हतं. मग त्यांनी सिनेमा काढणाऱ्याची संमती मागितली. ते वारले असं मी सांगितल्यावर वारसांची मागितली. माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी. ते म्हणाले, "सर, घरगुती कार्यक्रम म्हणून अर्ज द्या. बारसं, वाढदिवस, काहीही. वाढदिवसाला सिनेमा लावलात तर आम्ही कोण विचारणार? आणि बॅनरवर कन्नड वर घ्या, मराठी खाली. पुढचा ताप नको."

अशा रीतीने माझ्या आईचा वाढदिवस ठरला.

तो खोटा आहे हे फक्त मला, सुविधाला आणि नागोजी अण्णांना माहीत होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला माहीत झालं, पण तोवर लोकांनी तयारी सुरू केली होती. चौकात बॅनर लागला. वर कन्नडमध्ये शुभेच्छा, खाली मराठीत शुभेच्छा, मधे गॉगल घातलेली माझी आई. तो गॉगल मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा होता; एकट्या आईचा तेवढाच एक फोटो सापडला. सिनेमाचं नाव कोपऱ्यात केकवाल्याच्या जाहिरातीखाली गेलं. आई बाजारातून येताना बॅनरखाली थांबली.

"माजा वाडदिस मला म्हाईत न्हाय, तुमास्नी कुटनं कळला?" तिने विचारलं. मी म्हणालो, कचेरीतून. हे खोटं नव्हतं.

मंगल आक्कांनी स्वयंपाक अंगावर घेतला. माझं म्हणणं होतं की असा सिनेमा बघताना फार तर चहा असावा, कारण पडद्यावर पोरं उपाशी आहेत. त्यांना ते पटलं नाही. "रडवणारा सिनेमा उपाशीपोटी बघितला की पित्त होतंय," त्या म्हणाल्या. मसालेभात, भजी आणि गव्हाची खीर असा बेत ठरला.

राहिला पडदा. तो मंडपवाल्या रविराजकडे. रविराज हा भला माणूस आहे, पण त्याला लग्न सोडून दुसरा समारंभ माहीत नाही. आदल्या दिवशी त्याचा टेम्पो आला त्यातून लाल गालिचा, झुंबर, दिव्यांच्या माळा आणि नवरा-नवरीची सोनेरी पाठीची खुर्ची उतरली. पडदा नव्हता. "सर, जाड पडदा संकेश्वरला गेलाय. पण काळजी करू नका," म्हणत त्याने मंडपाच्या छताचं पांढरं अस्तर काढलं आणि दोन बांबूंना बांधलं. ते इतकं विरळ होतं की पलीकडे चूल मांडत असलेल्या मंगल आक्का मला स्पष्ट दिसत होत्या. मी ते निदर्शनास आणलं. तो म्हणाला, "अंधार पडला की त्या दिसणार नाहीत." मी त्यांच्याबद्दल बोलत नव्हतो. पण माणूस किती ठिकाणी भांडणार?

संध्याकाळी कॉलनी लोटली. आईला मी हात धरून सोनेरी खुर्चीकडे नेलं. ती खुर्चीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एवडं केलंस त्ये लई झालं. पर त्यो उजवा पोरगा परत मला दावू नगंस. लई वंगाळ वाटतंय रं. मला मंगलजवळ बसू दे, भजी तरी सोडू दे."

"आई, मोठ्या पडद्यावर—"

"मोटा झाला म्हनून उजव्याचा डावा हुतोय व्हय?"

ती पडद्यामागे चुलीकडे निघून गेली. जिच्यासाठी हे सगळं मांडलं तीच पुढे नाही. सोनेरी खुर्ची रिकामी राहिली, आणि तिच्या शेजारी हातात भाषणाचे कागद घेऊन मी. मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं. पण नागोजी अण्णांनी माइकवरून माझं नाव पुकारलं होतं, सोबत 'सुप्रसिद्ध' हा शब्दही लावला होता.

मी बोललो. नववास्तववाद इटलीतून आपल्याकडे कसा आला इथपर्यंत आलो, तेव्हा मागून भज्यांचा वास आला आणि श्रोते मला सोडून दुसऱ्याच दिशेला बघायला लागले. मी आवरतं घेतलं. झुंबर विझलं. दिव्यांच्या माळा मात्र विझेनात, कारण त्यांचं बटण कुठं आहे ते रविराजलाही आठवेना. स्टेशनच्या आडोशाला राहणारी ती दोन भावंडं आमच्याकडे हिरव्या-गुलाबी उघडझापीत अवतरली.

तरी लोक गप्प झाले. हे मी मुद्दाम सांगतो. कप विसळणाऱ्या त्या पोराचे हात दिसले आणि वखारीत दिवस काढलेल्या बायका कॉलनीत आहेत, त्यांनी पदर तोंडाला लावला. कुणी मोबाइल काढला नाही. पोरगा भिंतीपाशी आला. त्याने खाली वाकून कोळसा उचलला.

आणि पडद्यामागून माझ्या आईची किंकाळी आली.

सगळ्यांना एकच गोष्ट सुचली: कढई. "तेल उलटलं!" कुणीतरी ओरडलं. माणसं उठली, खुर्च्या पडल्या, नागोजी अण्णा पाण्याची बादली घेऊन धावले. रविराजने जो दिसला तो प्लग उपसला. सिनेमा बंद पडला, माळा तेवढ्या चालू राहिल्या. मी गालिच्यात पाय अडकून पडलो आणि चष्मा शोधत, रांगत पडद्याखालून पलीकडे गेलो.

कढई जागच्या जागी होती. आई हातात झारा घेऊन उभी होती. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"बंद का केलासा?" ती ओरडत होती. "लावा की! आलाय त्यो! डावरा हाय!"

रविराजने घाबरून प्लग परत लावला. मी आईशेजारी उभा राहून वर बघितलं. विरळ अस्तरातून चित्र आरपार आलं होतं. तीच भिंत, तोच पोरगा. भांग दुसऱ्या अंगाला. कोळसा डाव्या हातात.

मला समजायला थोडा वेळ लागला. सुविधाला लागला नसता.

"आई," मी म्हणालो, "बोरगावला तुम्ही कुठं बसला होता?"

"हितंच की. पडद्याच्या मागं."

"मागं?"

"म्होरं आमास्नी कोन बसाय दितंय? तंबूवाला मागनं सोडायचा. आमची समदी मान्सं मागंच. कापडाला खेटून."

"अगं, मग अक्षरं उलटी दिसत असतील की!"

"मला कुटं वाचाय येत हुतं?" आई म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "गप आता. बगू दे."

ज्या सिनेमावर मी प्रमाणपत्र मिळवलं तो बघायला माझ्या आईला आणि मामाला पुढे जागा नव्हती. त्यांना मागून घेतलं, आणि मागून त्यांना जो पोरगा दिसला तो डावखुरा होता. भीमाप्पा त्याच्यासाठी उठून उभा राहिला होता. मी त्या मॅडमना काय काय लिहून पाठवलं होतं ते आठवून मला कसंतरीच झालं, आणि मग रडू आलं. चुलीच्या धुराने, असं मी मंगल आक्कांना सांगितलं.

मी भाताच्या पातेल्याशेजारी खाली बसलो. आई उभीच होती. पलीकडे माइकवरून नागोजी अण्णांचा आवाज आला, "कार्यक्रम सुरू हाय, बसून घ्या. वक्त्यांचं उरलेलं रसग्रहण शेवटी होणार होतं, पर वक्ते मागं जाऊन बसलेत." मग माइक बंद झाल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने स्वतः अण्णा बादली घेऊन पडद्याच्या कडेने आले. तिथेच बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

पोराने दार काढलं, खिडकी काढली. बहीण येऊन दाराला टेकली. आई झारा धरून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी कान दिला. ती म्हणत होती, "नाक आसंच. आसंच हुतं बग."

भजी जळाली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सुविधाने सिनेमातलं त्या पोराचं चित्र मोबाइलवर घेतलं आणि बोटाने आरशातल्यासारखं उलटं केलं. तिला त्यासाठी इटलीपर्यंत जावं लागलं नाही. मी ते मोठं करून आणलं, जाड काचेची फ्रेम करून घेतली. लावायला भिंतीवर जागा नव्हती, म्हणजे होती, पण खिळा एकच भक्कम होता. प्रमाणपत्र मी स्वतःच उतरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे इथं नमूद करतो.

आईने फोटोला हार घातला. मंगल आक्का बघायला आल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "नाक अगदी तुमच्यासारखं हाय हो आक्का."

"हुईल न्हाय तर काय," आई म्हणाली. "सख्खा भाऊ हाय."

मागच्या आठवड्यात माझ्या बँकेतले जुने सहकारी आले होते. चहा घेताना त्यांची नजर भिंतीवर गेली. "हे कोण?" त्यांनी विचारलं. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. कॅमेऱ्याचा कोन, छायाप्रकाश, रस्त्यावरून उचललेली पोरं, हे सगळं मला पाठ आहे.

"माझे मामा, भीमाप्पा," मी म्हणालो. "डावखुरे होते. घरं फार छान काढायचे."